रविवारची दहा मिनिटं

कव्हर ओढून काढलं तेव्हा आधी वास आला. पेट्रोलचा नव्हे. जुन्या कापडाचा, धुळीचा आणि डांबरगोळ्यांचा. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बाबा जुन्या मोज्यात डांबरगोळ्या बांधून तो मोजा बॅटरीशेजारी ठेवत. उंदीर त्याला भीक घालत नसत, पण दर सहा महिन्यांनी मोजा मात्र बदलला जाई. मुलुंड पूर्वेला आमच्या चार मजली इमारतीखाली, पाण्याच्या टाकीला लागून, ही छोटी पेट्रोल गाडी अडतीस वर्षं एका जागी उभी होती. मी चौदा वर्षांची होते तेव्हा ती आली. आता इमारत पाडून नवी बांधणार आहेत, घरं रिकामी झाली आहेत आणि महिनाअखेरपर्यंत गाड्या हलवा अशी नोटीस जिन्यात चिकटवलेली आहे.

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. गेल्या हिवाळ्यात पडले, कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ते बोरिवलीला माझ्याकडे आहेत. गाडी कधीची चालूच होत नव्हती, म्हणून मेकॅनिक विलासला बोलावलं होतं. सकाळी निघताना बाबांनी मला बजावलं होतं, "विलासला नीट विचार, नेमकं काय गेलंय. आणि लिहून आण. नुसतं 'इंजिन गेलं' असं मला चालणार नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "तसं मला माहीतच आहे म्हणा. त्या फेरीत घाटात तापलं, तेव्हाच गॅस्केट गेलं."

गॅस्केट म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळू न देणारी पातळ पट्टी. आणि ती फेरी म्हणजे नंदूची. नंदू माझा धाकटा भाऊ. राहतो दहिसरला, म्हणजे माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. महिन्यातून एकदा येतो, बाबांची औषधं टेबलावर ठेवतो, "बरंय ना?" विचारतो आणि पायातल्या चपला न काढता दारातच चहा पितो. तीस वर्षांपूर्वी त्याने ही गाडी तीन दिवस नेली आणि इंजिनाची वाट लावली, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. मला इंजिनाचं काही पडलेलं नव्हतं. बाबांच्या हयातीत नंदूचं नाव त्यातून निघावं, एवढंच हवं होतं. निघालं नसतं तर निदान खरंच त्याची चूक होती हे तरी कळलं असतं.

विलासने बॉनेट उघडलं. साकीनाक्याला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज आहे. आमच्या गाडीला हात लावायला लागला तेव्हा तो विशीत होता, आता त्याचेच केस पांढरे झालेत. आत पाहून तो हसला. "बाहेरून नवरी आहे हो ताई अजून." खरंच होतं ते. नळ्या पुसलेल्या, झाकणं चकचकीत, कुठे तेलाचा ओघळ नाही. काट्यावर किलोमीटर होते अठरा हजार.

बाबा साकीनाक्याच्याच एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पंपांच्या भागांची ड्रॉइंग्ज काढत. गाडी आली त्या आठवड्यात त्यांनी तिचं माहितीपुस्तक एका दोनशे पानी वहीत आपल्या सरळ, टोकदार अक्षरांत उतरवून काढलं. पुस्तक मळेल म्हणून. सिलिंडर तीन. व्यास साडेअडुसष्ट मिलिमीटर, दट्ट्याची धाव बहात्तर. कोणता सिलिंडर कधी पेटतो त्याचा क्रम एक-तीन-दोन. प्लगच्या टोकांमधली फट, टायरमधली हवा, पट्ट्याचा ताण, ऑइल किती आणि कधी बदलायचं. आजूबाजूची मुलं पाढे म्हणत तेव्हा नंदू आणि मी जेवणाच्या ताटावर बोटांनी एक-तीन-दोन वाजवत असू. आई म्हणायची, "घास पण त्याच क्रमाने घ्या आता." ती वही मला अजून डोळ्यांसमोर दिसते. खाकी कव्हर, कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा, आणि आत एकही खाडाखोड नाही.

दर रविवारी सकाळी नऊला सगळं सुरू होई. कव्हर काढणं हे दोघांचं काम. मी एका टोकाला, नंदू दुसऱ्या, धुतलेली चादर घडी करतात तशी घडी. मग बाबा बॉनेट उघडत. ऑइलची पट्टी बाहेर काढायची, फाटक्या बनियनच्या तुकड्याने पुसायची, परत आत घालून परत काढायची आणि उजेडाकडे धरायची. पट्टीवरचं ऑइल तेव्हा मधासारखं दिसे. रेडिएटरमध्ये पाणी, बॅटरीत पाणी. मग ते आत बसत, गार इंजिनाला जादा पेट्रोल देणारी चोकची दांडी ओढत आणि किल्ली फिरवत. पहिल्यांदा नुसती गुरगुर, दुसऱ्यांदा खोकला, तिसऱ्यांदा इंजिन पकडे. कच्च्या पेट्रोलचा गोडसर, डोक्यात जाणारा वास टाकीजवळच्या ओल्या भिंतीपर्यंत पसरे. बाबा मनगटावरचं घड्याळ बघत. दहा मिनिटं. शेवटी चार वेळा ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाला ओरडायला लावायचं, की झालं. मग गाडी बंद, कव्हर परत.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आई ओरडायची, "अहो, झालं का तुमचं? सगळा धूर वर येतोय, कपडे वाळत घातलेत!"

"इंजिन खेळतं राहिलं पाहिजे," बाबा खालून सांगत.

इमारतीत तेव्हा सहा-सात गाड्या होत्या आणि बहुतेकांचे रविवार असेच जात. चालू करायची, ऐकायची, बंद करायची. त्यात खोटं काही नव्हतं, सगळ्यांना मनापासून वाटे की आपण गाडीची काळजी घेतोय. बाहेर कुणी फारसं काढत नसे, कारण जागा. जागेवर कुणाचं नाव नव्हतं. गाडी फाटकाबाहेर गेली की मागे दुसऱ्याची आत येई, आणि मग सेक्रेटरीच्या घरी जाऊन भांडा. म्हणून ज्या घरातली गाडी बाहेर पडे त्या घरातलं एक माणूस जागा धरायला मागे राही. आमच्याकडे ते माणूस म्हणजे आई. लग्नाला, देवळाला, नातेवाइकांकडे आम्ही तिघं गाडीतून निघायचो आणि आई खाली घडीची खुर्ची टाकून रिकाम्या जागेच्या मधोमध बसायची. मांडीवर गवारीची ताटली किंवा विणकाम. आम्ही परत आलो की खुर्ची मिटून बाजूला व्हायची आणि हाताने खुणा करून बाबांना गाडी लावायला मदत करायची. तेव्हा मला यात काहीच वावगं दिसलं नाही. आता ती खुर्ची आठवली की लाज वाटते.

गाडीनेही काही कमी छळलं नाही. चोक जरा जास्त ओढला की पेट्रोल प्लगवर साचे आणि मग प्लग काढून, पॉलिश पेपरने घासून, फुंकर मारून परत लावेपर्यंत अर्धा तास जाई. मे महिन्यात घाटकोपरच्या गर्दीत गाडी अडकली की टाकीतून आलेल्या पेट्रोलची इंजिनाला लागून असलेल्या छोट्या पंपातच वाफ होई आणि इंजिन मुकाट बंद पडे. मागचे हॉर्न वाजवत, बाबा घामाघूम होत, आणि मी पाण्याच्या बाटलीने फडकं भिजवून त्या छोट्या पंपावर टाकत असे. चुर्र असा आवाज येई. पाच मिनिटांनी गाडी चालू. परत येताना बाबा म्हणत, "बघितलंस? म्हणून उगाच बाहेर काढू नये." हे ऐकायला सोपं होतं आणि आम्ही ऐकत गेलो.

नंदू एकोणीस वर्षांचा झाला, त्याला लायसन मिळालं, त्या वर्षी बाबा कारखान्याच्या कामाला चार दिवस कोल्हापूरला गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे नंदू आईला म्हणाला, "चल, तुला माहेरी नेऊन आणतो." आईचं माहेर गुहागरजवळ. ती नाही म्हणाली, मग परत नाही म्हणाली, आणि मग तिने पंधरा मिनिटांत लुगडी-पोलकी भरली. मला परीक्षा होती. जागा धरायचं काम माझ्याकडे आलं. मी खुर्ची ठेवली, तुळशीच्या दोन कुंड्या ठेवल्या, मधे दोरी बांधली आणि कॉलेजला जात-येत डोळा ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून परत आले तर कुंड्या भिंतीशी नीट रांगेत आणि आमच्या जागेत पहिल्या मजल्यावरच्यांची गाडी. आणि त्याच दुपारी, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी, बाबा हातात बॅग घेऊन फाटकातून आत आले.

संध्याकाळी गाडी परतली. चाकांना लाल माती, काचेवर मेलेले किडे, मागच्या सीटवर फणस आणि कोकमं. सगळ्या गाडीला पिकल्या फणसाचा वास लागला होता. बाबांनी बॉनेट उघडलं, रेडिएटरला हात लावून पाहिला आणि नंदूला विचारलं, "घाटात तापली?"

"एकदा थांबलो होतो," नंदू म्हणाला. "फडकं टाकलं पंपावर. मग काही नाही झालं, बाबा."

"काही नाही कसं? गॅस्केट भाजलं असणार. इंजिन खाल्लंस तू."

नंदूने परत कधी किल्लीला हात लावला नाही. त्याने स्वतःचीही गाडी घेतली नाही, आज पन्नाशीला आला तरी रिक्षाने फिरतो. बाबा रविवारी नऊला खाली जात राहिले. कव्हर मग मी आणि आई काढायचो. काही वर्षांनी आई गेली, माझं लग्न झालं, आणि बाबा एकट्यानेच कव्हर काढू लागले. एका बाजूने घडी करत जायचे. इंजिनात जरा कुठे टकटक झाली, सायलेन्सरला भोक पडलं, बॅटरी उतरली, की फोनवर मला सांगत, "नंदूच्या फेरीचं आहे हे." सांगण्यात राग नसे. हवामान सांगावं तसं सांगत.

तर त्या सकाळी विलासने आधी खालच्या पुलीवर पाना लावून इंजिन फिरवून पाहिलं. फिरेना. दोन्ही हातांनी जोर लावला तरी जागचं हललं नाही. मग त्याने वरचं ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. झाकणाच्या आतून पिवळट पांढरं काहीतरी जाड थापलेलं होतं, लोणी कढवताना वर येतो तसा फेस. पट्टी काढली तर तीही तशीच. बाहेरून चकचकीत असलेल्या त्या इंजिनाच्या आत सगळीकडे हाच चिखल असणार हे मलासुद्धा कळलं.

"ऑइलमध्ये पाणी," मी म्हटलं. "म्हणजे गॅस्केटच ना?" माझा आवाज उतरला असावा, कारण विलासने मान वर करून पाहिलं.

"थांबा हो. घाई काय?" त्याने रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं, मला दाखवलं. पाणी गंजाने तांबूस होतं, पण तेलाचा तवंग नव्हता आणि पातळी काठोकाठ. "गॅस्केट फुटलं असतं तर इथलं पाणी कमी झालं असतं, वर तेल तरंगलं असतं. इथे काय नाय. गॅस्केट एकदम शाबूत."

"मग पाणी आलं कुठून?"

"पेट्रोल जळलं की पाणी होतंच, ताई. गाडी पळाली, इंजिन नीट तापलं, की त्याची वाफ होऊन निघून जाते. दहा मिनिटं चोकवर उभी ठेवून चालवली की थोडं कच्चं पेट्रोल आणि थोडं पाणी रोज खाली ऑइलमध्ये उतरतं. रोज नाय, दर रविवारी." तो हात पुसत हसला, पण हसू टिकलं नाही. "काय सांगू तुमका. ऑइलची जाळी बुजली, बेअरिंगला तेल मिळालं नाय, जाम झालं. गाडी चालवून मेली नाय. जपून मेली."

मी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले. सायलेन्सर आतून कुजला तो त्याच पाण्याने, आणि बॅटरी दर वेळी उतरली ती चालू करायला जितकी लागे तितकी दहा मिनिटांत भरत नव्हती म्हणून. विलास एकेक सांगत गेला आणि मी बाबांनी सांगितल्याप्रमाणे लिहून घेत गेले. नंदूच्या नावावर जमा झालेल्या गोष्टी एकेक करून रविवारकडे जात होत्या.

"बाबांना हे कुणी सांगितलं नाही कधी?"

"शंभर वेळा सांगितलं. काका, महिन्यातून एकदा ठाण्याच्या पुढे मारून या म्हणून. आणि ते तुमच्या भावाचं म्हणाल तर..." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "गुहागरहून गाडी आली ना, दुसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलेलं. मीच प्लग काढले. भाजलेल्या बिस्किटासारखा रंग, तिन्ही एकसारखे. या गाडीचे इतके चांगले प्लग मी ना आधी पाहिले ना नंतर. काकांच्या हातात दिले मी ते."

मला राग आला. इतक्या वर्षांत बाबांवर इतका राग मला आला नव्हता. दुपारी टेम्पो आला, गाडी दोरखंडाने वर ओढली, आणि फाटकातून बाहेर पडताना तिच्याकडे बघायचंही मला सुचलं नाही. टाकीशेजारी जमिनीवर तिच्या आकाराचा कोरडा चौकोन राहिला होता.

बोरिवलीला पोचले तेव्हा बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी भिंग लावून तो वाचला. ऑइलमध्ये पाणी. रेडिएटरमध्ये तेल नाही. गॅस्केट शाबूत. कारण: इंजिन पुरेसं कधी तापलंच नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि कागदाची घडी करू लागले.

"विलास म्हणाला, त्याने तेव्हा तुम्हाला प्लग दाखवले होते."

"दाखवले होते."

"मग तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"त्याच्या आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. गाडी फाटकातून आत आली ना, आवाजावरूनच कळलं. इतकं सुरेख ते इंजिन कधी चाललं नव्हतं." त्यांनी घडी केलेला कागद गुडघ्यावर ठेवला. "तुझी आई पुढे बसली होती. केस सगळे विस्कटलेले, नाक उन्हाने लाल. उतरली आणि म्हणाली, 'अहो, काय पळते हो आपली गाडी!' मी तिला आठ वर्षं खाली खुर्चीवर बसवली. आणि त्या पोराने तीन दिवसांत... मला नाही सहन झालं. पण ते बोलणार कसं? इंजिनाचं नाव घेतलं."

"आणि तीस वर्षं घेत राहिलात."

"एकदा घेतल्यावर मागे कसं घ्यायचं ते कळलं नाही." त्यांचा आवाज साधाच होता. "तिने विचारलं होतं मला पुढच्या मे महिन्यात, परत जायचं का म्हणून. मी म्हटलं, आधी गॅस्केट बघायला हवं."

मला वाटलं होतं मी खूप बोलेन. रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत आले, तर बाबांनी माझा फोन टेबलावरून उचलून माझ्यासमोर धरला होता.

"लाव त्याला."

मी नंबर लावला आणि आवाज मोठा केला. नंदूने लगेच उचलला. मागे त्याच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. "काय गं? औषधं संपली का?"

"नंदू, मी बोलतोय," बाबा म्हणाले. "गाडी आज गेली. उघडून बघितली विलासने. गॅस्केट चांगलं आहे."

"बरं."

"तेव्हाही चांगलंच होतं. मला माहीत होतं. तू गाडीचं काहीच बिघडवलं नव्हतंस. मी खोटं बोललो."

टीव्हीचा आवाज बंद झाला. बाबा दोन्ही हातांनी फोन धरून त्याकडे बघत बसले.

"आत्ता सांगताय, बाबा?" नंदू म्हणाला. "आई जाऊन इतकी वर्षं झाली. गाडीपण गेली."

"हो," बाबा म्हणाले. "आत्ता सांगतोय."

 फोन दोघांपैकी कुणीही ठेवला नाही.